मी ठीक करून टाकलेली गिटार

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यातही चौथीचं अर्धं वर्ष धाकट्या भावाला कडेवर घेऊन गेलं. तं आपल्या जबलपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकवाल्यांचा निरोप आला की काकू, तुमच्या धंद्याबद्दल लिहा, तेव्हा मी म्हटलं, बापा, मला काय लिहिता येते? ते म्हणाले, जसं बोलता तसंच लिहा, वेलांट्या आम्ही पाहून घेऊ. म्हणून लिहून राहिली आहे.

माझा धंदा जुन्या इलेक्ट्रिक गिटारी विकत घेण्याचा. घ्यायच्या, ठीक करायच्या, अन् वाजवणाऱ्याला विकायच्या. माहेरी वर्ध्याकडं गेली की बाया विचारतात, "काय गं, सितारी विकते म्हणे तू?" आता मी सांगणं सोडून दिलं. हो म्हणते.

धंदा माझा नव्हता, आमच्या ह्यांचा होता. सराफ्याच्या मागच्या गल्लीत कपाटाएवढं दुकान. दोन्ही बाजूला सोनार, दिवसभर त्यांच्या हातोड्यांची टिकटिक, अन् मधात आमचे हे रेडिओ अन् ऑर्केस्ट्रावाल्यांचे डबे उघडून बसलेले. डबे म्हणजे अँप्लिफायर. मी दुपारचं जेवण घेऊन जाय, तं थोडा वेळ बसवून घेत. "ही तार धर, मी टाका लावतो." अशा तारा धरता धरता मी टाका लावायला, म्हणजे सोल्डर करायला, शिकली. कोणी शिकवलं नाही. बोटं भाजली की आपोआप शिकते माणूस.

मग त्यांना कावीळ झाली. पंधरा दिवसांत सगळं संपलं. माझ्या दोन पोरी, एक सातवीत, एक तिसरीत. दीर म्हणाले, दुकान देऊन टाका, गावाकडं चला. मी म्हटलं, आधी लोकांच्या वस्तू तं परत करते. दुकानात दुरुस्तीच्या अकरा वस्तू पडल्या होत्या. त्यातल्या चार गिटारी. मी वाट पाहिली, मालक आलेच नाहीत. ऑर्केस्ट्रे बंद पडले होते, की-बोर्डवाला एकटाच सगळं वाजवू लागला होता. मग मीच पत्ते शोधत एकेकाच्या घरी गेली. एक जण म्हणाला, "भाभीजी, आप ही रख लो. हमारे किस काम की." तिथून चालू झालं. रडत बसायला वेळ मिळाला नाही, ते एका अर्थी बरंच झालं.

जुनी गिटार पाहायची कशी, ते सांगते. पहिले मान पाहायची. गिटारीची मान म्हणजे तो लांब दांडा, ज्याच्यावर बोटं फिरतात. ती डोळ्यासमोर धरायची, बंदूक धरतात तशी, अन् एक डोळा मिटून टोकापर्यंत पाहायचं. आपल्या जबलपुरात पावसाळ्यात भिंतीही घाम गाळतात, तिथं लाकूड काय सरळ राहील! मान वाकली असली तं बाकी कितीही चमको, वापस. मग पेचांची, म्हणजे स्क्रूंची, डोकी पाहायची. डोकी घासलेली म्हणजे कोणीतरी आधी उघडून बसलं आहे. मग वास घ्यायचा. हसू नका, खरं सांगते. नवीन रंग मारून जुनी म्हणून विकायला आणतात, तिला रंगाच्या डब्याचा वास येते. जुनीला घराचा वास येते. शेवटी डब्याला जोडायची अन् तारांच्या खाली जे लोहचुंबक असते, त्याच्यावर पेचकसानं हळूच टक करायचं. डब्यातून टक आला तं जीव आहे. नाही आला तं नवीन जीव घालावा लागते.

एवढं पाहून भाव सांगायचा. अन् त्याच्यानंतर माझी एक पद्धत. मी गिटार कधी तशीच उचलून आणत नाही. जो वाजवणारा आहे, त्याच्याच हातानं तारा सैल करून घेते. एक कारण तं सोपं आहे, ऑटोत, उन्हात ताणलेल्या तारा मानेला ओढतात. दुसरं कारण मला पहिल्याच वर्षी समजलं. एक पोरगा बापाची गिटार विकून गेला, अन् दुसऱ्या दिवशी बाप दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. मी वापस दिली. तेव्हापासून वाजवणाऱ्याच्या हातात देते अन् म्हणते, तारा उतरवा. ज्याला खरंच विकायची असते, तो फटाफट तारांच्या चाब्या फिरवते. ज्याला विकायची नसते, त्याचा हात दुसऱ्या तारेवर थांबते. मग मी चहा पिते अन् रिकाम्या हातानं वापस येते. असं पुष्कळदा झालं. भाडं गेलं तं गेलं.

चुकाही पुष्कळ केल्या. सुरुवातीला मला वाटे, जुनी वस्तू म्हणजे घासून लख्ख केली पाहिजे. एका ख्रिस्ती बाईची गिटार आली होती, तिच्या नवऱ्याची, रेल्वेतला माणूस. लोखंडाच्या भागांवर काळपट थर. मी घरी नेली अन् राख-लिंबानं घासली, देवाची भांडी घासते तशी. वरचा मुलामाच निघून गेला. जो घ्यायला आला, तो कॉलेजातला, लांब केसांचा. त्यानं डोक्याला हात लावला. "आंटी, ये आपने क्या कर दिया! वो पुरानापन ही तो चाहिए था!" मी म्हटलं, "भैया, घाण पाहिजे होती तं फोनवर सांगायचं होतं." पण तेव्हापासून राख बंद.

एकदा मझौलीहून बोलावणं आलं. शेतकऱ्याचं घर. काकाची गिटार होती म्हणे, काका तरुणपणी जबलपूरला बँडमध्ये वाजवत होता. मी विचारलं, कुठं आहे? तं त्यानं मला गव्हाच्या कोठीजवळ नेलं अन् दंडापर्यंत हात घालून गव्हातून गिटार ओढून काढली. पोरं तोडून टाकतील म्हणून आजीनं लपवली, अन् मग तिथंच राहिली. मी मान पाहिली. इतकी सरळ मान मी आजपर्यंत नाही पाहिली. गव्हानं सगळी ओल पिऊन टाकली होती. येताना बसमध्ये चादरीत गुंडाळून मांडीवर आडवी घेतली, तं कंडक्टर म्हणाला, "अम्मा, बच्चे का आधा टिकट लगेगा." मी चादरीचं टोक उघडून दाखवलं. त्या गिटारीतून हलवलं की दाणे पडत. पुढचे दोन महिने पडले.

अशा गोष्टी सांगायला गेली तं अंक पुरणार नाही. पण मला सांगायची आहे ती ढोकजींच्या गिटारीची. ती मी बाकी कोणाला सांगितली नाही, कारण त्यात माझीच चूक आहे.

मागच्या वर्षी लगनसराईच्या आधी एका बाईचा फोन आला. मराठीत बोलून राहिली होती, म्हणून बरं वाटलं. जबलपुरातच, महाराजपुरात घर. नाव सुमनबाई ढोक. नवरा फॅक्टरीतून रिटायर. पोराचं लगन ठरलं होतं, मागची खोली सुनेसाठी खाली करणं चालू होतं. मी गेली तेव्हा आंगणात पेट्या, गाद्या, सायकल, सगळं बाहेर काढलेलं. मागच्या खोलीत भिंतीवर खिळ्याला गिटार टांगलेली.

मी पाहिली अन् खिळ्यावरून काढून हातात घेतली. जपानी होती. अस्सल, पन्नास वर्षांच्या घरातली. रंग गूळ-तुपासारखा. अशी गिटार माझ्या हातून सगळ्या आयुष्यात दोनदाच गेली असेल.

"घेऊन जा बाई लवकर," सुमनबाई म्हणाल्या. "पुताईवाला उद्या भिंती रंगवायला येऊन राहिला."

"वाजवणारे कुठं आहेत?"

"दवाखान्यात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं काल. दोन दिवसांनी सोडतील."

"मग मी दोन दिवसांनी येते. तारा मी वाजवणाऱ्याच्याच हातानं उतरवून घेते, माझी पद्धत आहे."

"अहो, डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला तारा काय उतरवायला लावता? सहा महिने झाले, हात नाही लावला त्यांनी तिला. दिसतच नव्हतं काही. अन् आता काय वाजवतात, सासरे होऊन राहिले! द्या इकडं, मीच उतरवते."

अन् त्यांनी चाबी उलट्या बाजूनं फिरवली. टण्णकन तार तुटली. त्या दचकून मागे सरकल्या.

"काहून तुटली?"

"सैल करायची होती, तुम्ही आवळली."

मी त्यांच्या हातातून घेतली अन् बाकीच्या तारा मीच सैल केल्या. तेव्हाच मी ती वापस खिळ्याला टांगून घरी यायला पाहिजे होतं. मला माहीत होतं. पण दुसरा कोणी येऊन घेऊन जाईल, ह्या भीतीनं माझी नियत फिरली. एवढ्या वर्षांत एकदा. पैसे मोजले अन् घेऊन आली.

दुकानात आणून पाहिली तं जीव हळहळला. सहा तारांच्या गिटारीला, तुटलेली धरूनही, पाचच तारा. मानेच्या वरच्या टोकाला हाडाची एक बारकी पट्टी असते, तिच्या खाचांत तारा बसतात. त्या खाचा अशा वाकड्यातिकड्या, जशा लहान पोरानं कोरल्या. दोन तारा इकडं चिकटलेल्या, तीन तिकडं, मधात मोठी जागा. मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना आम्ही पर्दे म्हणतो. ते पर्दे मधात घासून घासून सपाट झालेले. मी म्हटलं, कोण्या अनाड्याच्या हातात पडली बिचारी.

आठ दिवस मी तिच्यावर जीव लावला. सगळे पर्दे उपटले, नवीन बसवले. हाडाची नवीन पट्टी कापली, सहा खाचा, सारख्या अंतरावर, फुटपट्टी लावून. सहा तारा चढवल्या. जुनी पट्टी अन् पर्दे भंगाराच्या पोत्यात गेले, अन् पोतं कबाडी घेऊन गेला. भोपाळचा एक घेणारा होता, त्याला फोन केला. तो म्हणाला, शनिवारी येतो.

शुक्रवारी दुपारी एक माणूस दुकानासमोर उभा राहिला. उंच, वाळलेला, ऑपरेशनचा काळा चष्मा लावलेला, डावा हात पँटच्या खिशात. त्याच्या चार पावलं मागे सुमनबाई. त्यांना पाहिलं अन् मला समजलं कोण ते.

"नमस्कार बाई," ते म्हणाले. "भिंतीवरची माझी आहे. पाहू का?"

राग नव्हता आवाजात. राग असता तं मला सोपं गेलं असतं. मी गिटार काढून दिली अन् स्टूल पुढं केलं. त्यांनी मांडीवर घेतली, अन् मग डावा हात खिशातून काढला.

मधली दोन बोटं अर्धीच होती.

मला एका क्षणात सगळं दिसलं. ती पाच तारांची जागा, त्या वाकड्या खाचा, ते घासलेले पर्दे. अनाडी कोणी नव्हता. एका माणसानं कानस घेऊन, थोडी थोडी करून, सगळी गिटार आपल्या तुटक्या हाताच्या मापाची केली होती. तुटक्या टोकावर कातडी पापणीसारखी पातळ असते. पर्दा उंच असला तं झोंबते. म्हणून त्यांनी पर्दे सपाट केले होते. मधात जागा सोडली, कारण अर्धं बोट तिथंच पोचते. किती वर्षं लागली असतील त्याला!

त्यांनी नवीन पर्द्यांवर बोटं दाबली. चटका बसल्यासारखी उचलली. पुन्हा एकदा दाबली. मग गिटार माझ्या टेबलावर ठेवली, हळू, जशी कोणाची परकी वस्तू ठेवतात.

"फॅक्टरीत प्रेस मशीनमध्ये गेली होती बोटं," ते म्हणाले. "पोरगा तेव्हा पाळण्यात होता. काम चांगलं केलं तुम्ही. अगदी ठीक झाली आता. ज्याचे हात ठीक आहेत, त्याला द्या."

"ढोकजी, मी वापस देते. पैसे नको मला."

"घेऊन काय करू?"

अन् चालले गेले. सुमनबाई मागे थांबल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "घरी आल्यापासून धड जेवत नाहीत. सुनेच्या खोलीत जाऊन भिंतीकडं पाहत बसतात. पुताईवाल्यानं सगळे खिळे काढले, तो एक राहू दिला. त्या खिळ्याकडं पाहतात."

शनिवारी भोपाळवाला आला. डब्याला जोडून वाजवली, डोळे चमकले त्याचे. "अम्मा, एकदम नई जैसी कर दी आपने!"

एरवी अशा बोलण्यानं मी फुगली असती.

"बिकाऊ नहीं है, भैया."

"अरे! फोन पर तो आपने..."

"तब थी."

पुष्कळ बोलला तो. गाडीचं भाडं, वेळ. मी ऐकून घेतलं. त्याचंही बरोबरच होतं.

सोमवारी मी पिशवीत कानशी, आरी म्हणजे बारकी करवत, हाडाचे दोन तुकडे भरले अन् गिटार घेऊन महाराजपुरात गेली. सुमनबाईंनी व्हरांड्यात सतरंजी टाकून दिली. ढोकजी आत खुर्चीवर, दाराकडं पाठ. मी बाहेरूनच आवाज दिला, "ढोकजी, जशी होती तशी करून देते. फक्त बाहेर येऊन हात दाखवा."

ते खुर्चीवरून हलले नाहीत.

"बरं, पाचवी तार कुठं होती तेवढं तं सांगा."

मी सुमनबाईंना विचारलं, तुम्हाला आठवते का? त्या चहा घेऊन आल्या होत्या, तशाच कप हातात घेऊन बसल्या.

"एवढी वर्षं रोज पाहिली ती गिटार," त्या म्हणाल्या. "पण तारा कधी मोजल्या नाहीत मी."

पहिल्या दिवशी पर्दे अंदाजानं थोडे उतरवले. जास्त घासायची हिंमत नाही, घासलेलं वापस येत नाही. दुसऱ्या दिवशी काहीच करता आलं नाही, नुसती बसून आली. घरात लगनाची घाई, पापड वाळत घातलेले, बाया हळद कुटून राहिल्या होत्या, अन् मी व्हरांड्यात एखाद्या वसुलीवाल्यासारखी बसलेली. एका शेजारणीनं विचारलंही, "कोण हो ह्या?" सुमनबाई म्हणाल्या, "माझ्या चुकीत भागीदार."

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, आता खाच पाडायची. चुकली तं दुसरं हाड आहे. पट्टी बसवली, पेन्सिलीनं अंदाजे खूण केली अन् आरी लावली. दोनदाच ओढली असेल, तं मागून आवाज आला.

"अहो बाई, तिथं नाही!"

ढोकजी दारात उभे. "तिथं खाच पाडली तं माझं बोट कुठं जाईल?"

"मला काय माहीत कुठं जाईल?" मी म्हटलं. माझाही जीव वैतागला होता. "बोटं तुमच्याजवळ, आरी माझ्याजवळ. अन् तुम्ही आत भिंतीजवळ!"

शेजारणीचा मुसळाचा हात थांबला. मला वाटलं, आता हाकलतात. पण ते आले, सतरंजीवर मांडी घालून बसले अन् माझ्या हातातून आरी घेऊन बाजूला ठेवली.

"आधी पर्दे. मग खाच. उलटं करून राहिल्या तुम्ही."

आता सवाल हा की अर्धं बोट पर्द्यावर नेमकं कुठं टेकते, ते समजावं कसं? मानेचं लाकूड काळं. बोट उचललं की जागा हरवते. मी खडू शोधला, नव्हता. सुमनबाई उठल्या अन् ओल्या हळदीची वाटी घेऊन आल्या. नवऱ्याच्या समोर बसल्या, त्यांचा डावा हात ओढून मांडीवर घेतला. ते हात वापस घेऊन राहिले होते, एवढ्या बायांसमोर.

"आता काय लाजता? पोरीच्या घरचे लोक नाहीत इथं," सुमनबाई म्हणाल्या, अन् त्या दोन तुटक्या बोटांच्या टोकांना हळद लावली. मन लावून, सगळीकडून.

मुसळवाली म्हणाली, "अगं बाई, पोराच्या आधी बापालाच लागली की हळद!"

सगळ्या हसल्या. ढोकजींनी मान खाली घातली, पण त्यांच्या मिशा हलल्या.

त्यांनी दाबलं. काळ्या मानेवर पिवळे ठिपके उमटले. तिथंच मी कानस चालवली. पुसायचं, पुन्हा हळद, पुन्हा दाबायचं. "झोंबते?" "झोंबते." पुन्हा कानस. "आता?" "थोडं." एकेका पर्द्याला पाच-सहा फेऱ्या. डोळ्यात धूळ जायला नको, डॉक्टरनं सांगितलं होतं, म्हणून सुमनबाई मधात पदर धरून बसायच्या. घरातलं काम सोडून. पाचवा पर्दा मी जास्त घासला, तार मेली तिथं, सूरच उमटेना. मी सांगितलं, चुकली. उपटला, नवीन बसवला, पुन्हा पहिल्यापासून. ढोकजी म्हणाले, "मीही तो तीनदा बिघडवला होता." तेवढं एकच वाक्य त्या दिवशीचं, पण मला पुरलं.

असे सहा दिवस गेले. दुकान बंद. खाचा शेवटी पाडल्या, फुटपट्टी न लावता. त्यांनी नखानं दाखवायचं, मी पाडायची. माझ्या हातून तशी वाकडी पट्टी पुन्हा होणार नाही. फार कठीण असते वाकडं नेमकं करणं.

शेवटल्या दिवशी पाच तारा चढवल्या. पर्दे नवीन धातूचे, पट्टीचं हाड नवीन, तेव्हा तोच आवाज येईल असं मी कबूल केलं नव्हतं. अन् गंमत अशी की त्यांचा आधीचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. बरोबर झाला की चुकला, मला समजणार कसं? ते स्वतः सांगतील असा माणूस तो नाही. मी म्हटलं, सुमनबाईंच्या तोंडाकडं पाहून समजून घेईन. पण त्या नेमक्या आत गेल्या, पाहुणे येणार होते, स्वैपाकाची गडबड.

ढोकजींनी आपला जुना डबा जोडला. आमच्याकडं पाठ केली. हात कोणाला दाखवून वाजवायची सवय नाही त्यांना. पहिला सूर निघाला, थांबले. चाबी थोडी फिरवली. पुन्हा काढला, अडखळले, सोडून दिला. मी कानशी मांडीवर घेऊन बसली होती. पाच मिनिटं तसंच चाललं. एक तुकडा वाजवायचे, मधात तुटे. पुन्हा तोच. मग एकदा तो तुकडा तुटला नाही. पुढं गेला. त्याच्याही पुढं गेला. त्यांचा डावा खांदा, जो इतके दिवस कानाजवळ चढलेला होता, तो खाली उतरला.

आतून सुमनबाईंचा आवाज आला, चांगला मोठ्यानं.

"अहो, हळू वाजवा नं! कुकरच्या शिट्ट्या मोजू देता का नाही? तीन झाल्या का चार?"

ढोकजींनी आवाज कमी केला नाही. सुमनबाईंनीही दुसऱ्यांदा सांगितलं नाही. मी कानशी पिशवीत टाकल्या, चप्पल घातली, अन् ऑटो पाहायला निघाली.